उजव्या हाताची पानं

अशोक चौकामागं विडी कारखान्याचा पत्रा.
दुपारी असा तापायचा की सुपातली तंबाखूही घाम गाळायची.
त्याच्याखाली आम्ही सहाजणी.
पाच वळायच्या, मी वाचायचे.

पुस्तक वाचनालयातलं, खाकी कव्हराचं,
आत कुणीतरी विसरलेलं अक्कलकोटचं एसटी तिकीट.
अमेरिकेतल्या एका गुलाम बाईची कादंबरी.
नाव तिचं डेलिया.
नरसव्वा म्हणाली, हे काय नाव झालं? देलव्वा म्हण.
तेव्हापासून देलव्वा.

माझा निम्मा हजार त्या भरून द्यायच्या,
प्रत्येकीचे चार कट्टे,
संध्याकाळी गुपचूप माझ्या सुपात.
अट एकच: मारायच्या जागी पटपट वाचायचं,
पळायच्या जागी सावकाश.

कापसाच्या बोंडानं देलव्वाची नखं फाटली
तेव्हा लच्चव्वानं कात्री खाली ठेवली,
स्वतःचा अंगठा बघितला,
कात्री पुन्हा उचलली.
नवऱ्याला विकलं त्या पानावर
बालमणीनं विचारलं, "किती पैशाला?"
मी आकडा सांगितला.
"जास्तच की," ती म्हणाली,
आणि कुणी हसलं नाही.

द्रौपदाबाई मध्ये कधी बोलायची नाही.
कैकाड्याची. सेटलमेंटात जन्मलेली.
त्या दिवशी देलव्वा मळ्याबाहेर जायला
मालकाची चिठ्ठी मागत होती,
एवढंच वाचलं होतं मी,
आणि ती सुपातल्या पानांशी बोलावं तसं बोलली:

"आम्हालाबी पास लागायचा.
तारेचं कुंपण, तीन पदरी.
हजेरी दिवसातनं दोनदा, रात्री शिट्टी.
मिलीत जायचं रांगेत, यायचं रांगेत.
गुन्हा काय, तर जल्म.
माझा भाऊ झाला तेव्हा आईनं तोंडात फडकं कोंबलं.
त्याच्या न्हाई. सोताच्या.
वहीत नाव चढायच्या आत
तारेवरनं दिला त्याला पलीकडं.
मागावर बसणारी एक बाई हुती, मिलीतल्या वळखीची.
सायबाला सांगितलं, मेलं."

कात्र्या थांबलेल्या.
"मग?"

"मग काय. बावन्न साली तारा निघाल्या.
आई गेली बघायला.
चौदा वर्साचं पोरगं धोटा फेकत हुतं,
तेलुगू बोलत हुतं.
हिनं पाणी मागितलं.
त्यानं दिलं. वरनं, ओंजळीत.
पिऊन आली.
मरस्तवर सांगायची, गोड हुतं."

नरसव्वा तेलुगूत काहीतरी पुटपुटली.
मराठी करून कुणी सांगितलं नाही.

तेवढ्यात चेकर.
द्रौपदाबाईच्या नव्वद विड्या छाटात टाकल्या,
वळण सैल म्हणाला.
रोज खाली मान घालणारी ती
उठली, एकेक विडी छाटातून उचलली,
पुन्हा सुपात मांडली.
"मोज."
बाकीच्या चौघींनी सुपं मांडीवरून खाली ठेवली.
पत्रा तडतडत होता.
त्यानं मोजल्या.
(नऊ तरीही छाटल्याच. तेवढ्या आम्ही सोडल्या.)

पुस्तक संपायच्या दिवशी
देलव्वा नदीपाशी पोचली.
पोर पाठीला, मागं कुत्री.
मी पान उलटलं तर पुठ्ठा.
पुढची पानं कुणीतरी फाडून नेलेली,
कशाला नेली असतील देव जाणे,
एखाद्या फुटाणेवाल्याला पुड्यांना.

मी थांबले नाही.
पुठ्ठ्याकडं बघत वाचत राहिले:
पाणी घोट्याला. पाणी गुडघ्याला.
पलीकडं एक दिवा, किंवा दिव्यासारखं काही.

द्रौपदाबाईला अक्षर येत नव्हतं.
पण पानं मोजण्यात जन्म गेलेला तिचा.
तिनं माझ्या उजव्या हाताकडं बघितलं.
तिथं एकही पान उरलं नव्हतं.

मी गप्प झाले.

तिनं एक विडी वळली,
दोरा गुंडाळला, दातानं तोडला.

"पोराला वर धर म्हणावं तिला," ती म्हणाली.
"वाच."